ताडपत्रीखालचं सागवान

आमच्या घरात टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. पिशवीला रबर लावलेला असतो. रबर तुटला की नवा येतो, पिशवी पिवळी पडली की तीही बदलली जाते, आणि आतला रिमोट मात्र दुकानातून आला तसा कोराच्या कोरा. सोफ्याला कव्हर आहे, कव्हरावर चादर आहे. साधा पाहुणा आला तर चादर निघते, व्याही आले तर कव्हर. खालचा सोफा कुठल्या रंगाचा आहे हे मला ठाऊक आहे, कारण दुकानात तो मीच निवडला होता. मुलांना विचाराल तर ती एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

हे सगळं आमच्या ह्यांचं काम. माणूस वाईट नाही हं. दारू नाही, शिवी नाही, आईचा शब्द खाली पडू देत नाही. पण वस्तू जपायचं वेड असं की विचारू नका. मी पनवेल गावातली, बाजाराच्या मागच्या गल्लीत वाढलेली. आमच्याकडे वस्तू आणली की ती मोडेपर्यंत वापरायची. लग्न होऊन ह्या आगरी घरात आले, तेव्हा जपणे म्हणजे न वापरणे हा नवा अर्थ मला शिकावा लागला. गाडी घेतली तेव्हा सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढू या, असं मी सहज म्हणाले. तर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाडीचं कातडंच सोलायला निघाले होते.

घराण्याची शेती आणि मिठागरं होती. ती सगळी, गावासकट, विमानतळाखाली गेली. सरकारनं प्लॉट दिला, गव्हाणच्या अंगाला. त्यावर आम्ही बंगला बांधला. बंगल्यात सगळं आहे, फक्त बसायला जागा नाही. म्हणजे खोल्या पुष्कळ, पण सासूबाईंना हवी तशी ओटी नाही. जुन्या घरी त्या ओटीवर बसून आल्यागेल्याला हाका मारायच्या. इथे पुढे पोर्च, पोर्चात गाडी, गाडीवर कव्हर. हाक मारायची तरी कुणाला?

तर मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, कडेकडेची नजर बरीच गेलेली आहे. गेलेली परत येणार नाही. थेंब घाला आणि आहे ती जपा. किती टिकेल ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंनी सगळं ऐकलं, पदर सावरला आणि उठल्या.

परत येताना गाडीत सीटवरचं प्लास्टिक तेवढं कुरकुरत होतं. वाटेत सासूबाई म्हणाल्या, "मला काय नको रं. आपली चूल व्हती ना, तिथून इमान उडतंय कसं, तेवढं एकदा बघू द्या. मंग जाऊ दे डोळं."

ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. मीही रडले. त्या माऊलीनंच आम्हा दोघांना गप्प केलं, म्हणाल्या, "चला घरी, म्हावरा काढून ठेवलाय."

विमानं तेव्हा सुरू व्हायची होती. आज होणार, उद्या होणार चाललं होतं. पण त्यांनी जागा हेरून ठेवलेली. विमानतळासाठी डोंगर कापून कापून त्याचा जो सुळका उरलाय, त्याच्या जरा उजवीकडे आमचं स्वयंपाकघर होतं, असा त्यांचा हिशेब. आणि तो भाग आमच्या बंगल्यातून दिसतो तो नेमका मागच्या बाजूनं, शेजाऱ्याची भिंत आणि आमचा माड यांच्या मधल्या फटीतून. गच्चीवरून जास्त छान दिसलं असतं, पण त्यांच्या गुडघ्यांनी जिने कधीच सोडले होते. खुर्चीत बसवून चौघांनी वर नेऊ, असं पुतण्या म्हणाला, तर त्याला सुनावलं, "चौघांनी उचलायचा दिवस यायचा हाय अजून माझा." एकदा आम्ही गाडीनं विमानतळाच्या बाजूला घेऊन गेलो. पत्र्यांची उंच भिंत बघितली आणि परत आलो.

मग ह्यांना डेक सुचला. कर्जतकडच्या कुठल्याशा रिसॉर्टवर मित्रांबरोबर गेले होते, तिथे पाहिला. आईच्या खोलीचं मागचं दार उघडायचं, उंबऱ्याला समपातळी लाकडी डेक, पायरी नाही काही नाही, चार पावलं चालली की कोपऱ्यात खुर्ची, समोर सुळका. कल्पना खरंच झकास होती. मी पहिल्यांदाच ह्यांचं मनापासून कौतुक केलं. लाकूड कुठलं, तर सागवान. त्याहून कमी काही आमच्यात चालत नाही. होळीच्या आत डेक उभा राहिला. सासूबाई दारात येऊन हातानं चाचपून म्हणाल्या, "फळ्यांचा ओटा झाला रं." आणि पाऊल टाकणार, तेवढ्यात हे ओरडले, "आई, थांब! सीलर लावायचाय."

तिथून जे सुरू झालं, ते आठवलं की अजून माझं टाळकं सणकतं.

सीलर म्हणजे लाकडावर लावायचं औषध. त्यानं पाणी आत शिरत नाही, ऊन खात नाही, बुरशी धरत नाही. बाजारातल्या रंगाच्या दुकानात जाऊन एक डबा आणायचा आणि लावायचा, एवढी ती गोष्ट. मी ह्यांच्याबरोबर गेले होते. दुकानदारानं "या शेठ" म्हणून बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की दोन जाती आहेत. एक लाकडावर काचेसारखी बसते. चमकते छान, पण उन्हात तिचे पोपडे निघतात. दुसरी लाकडात मुरते. चमकत नाही, पण टिकते, फक्त वर्षाआड पुन्हा लावावी लागते. वर त्यातही बिनरंगाची घेतली तर ऊन लाकूड करडं करतं, रंग असलेली घेतली तर लाकडाचा मूळ रंग झाकतो.

हे म्हणाले, मला चमकणारी हवी, पण मुरणारी. बिनरंगाची, पण ऊन अडवणारी. आणि एकदा लावली की पुन्हा बघायला नको.

मी म्हटलं, "अहो, असा जावईसुद्धा कुठे मिळत नाही."

दुकानदार हसला. पण धंदेवाला माणूस, जाता जाता ह्यांच्या कानात एक वाक्य सोडून दिलं, "शेठ, काहीही घ्या, पण लक्षात ठेवा, लाकूड श्वास घेतं." झालं! पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरी जो येईल त्याला हे वाक्य. दूधवाला असो, नाहीतर वीजबिलवाला. "लाकूड श्वास घेतं बरं का." ह्या घरात माणसांनी कधी श्वास घ्यायचा, ते कुणी विचारलं नाही.

मग नमुने. डेकच्या उरलेल्या तुकड्यांवर निरनिराळे सीलर लावून हे तुकडे कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात मांडलेले. रोज सकाळी चहाआधी ह्यांची फेरी. प्रत्येक तुकड्यावर चमच्यानं पाणी टाकायचं आणि मान तिरकी करून बघत बसायचं, थेंब उभा राहतो की पसरतो. शेजारीण मला हळूच विचारून गेली, "भाऊंना काही त्रास होतोय का?" मी म्हटलं, "त्यांना नाही, मला होतोय."

मधेच चुलत दीर आले. त्यांची बोट आहे, आणि बोटवाल्या माणसाला लाकडातलं कळतं अशी आमच्यात समजूत आहे. त्यांनी ह्यांच्या तुकड्यांची ती जत्रा पाहिली आणि खो खो हसले. "आमच्या बोटी रात्रंदिवस पाण्यात असतात. त्यांना काय तुमचं डब्यातलं लावतो काय आमी? मुशीचं तेल लाव. तुझ्या नातवापर्यंत बघायला नको." दुसऱ्या दिवशी स्वतःच कॅन घेऊन हजर. मुशी म्हणजे शार्क, आणि तिच्या काळजाचं तेल. हे नाही म्हणाले असते, पण भावाचा मान! एक कोपरा त्याला दिला.

वास म्हणजे काय सांगू! आम्ही मासे खाणारी माणसं, सुकटीच्या वासानं आम्हाला भूक लागते. पण हा वास पडद्यांत शिरला, कपाटात शिरला, देवघरातल्या फुलांना लागला. आणि मांजरं! ह्या वसाहतीत इतकी मांजरं राहतात हे मला त्या दिवशी समजलं. सगळी येऊन डेकच्या कोपऱ्यावर लोळत होती, चाटत होती, आपसांत मारामाऱ्या करत होती. सागवानाला ओरखडे पडताना बघून ह्यांचा जीव खालीवर. दिवसभर हातात काठी घेऊन माणूस दारात उभा. सासूबाई आत खुर्चीवर बसून मांजरांचे आवाज ऐकत हसत होत्या. मला म्हणाल्या, "बघ गो, मांजरांना बसाया मिळालं."

तो कोपरा सोड्यानं घासून घासून धुतला. दीर नंतर वर्षभर रागावलेले होते.

अखेर डबा ठरला. मुरणारा, हलक्या तांबूस रंगाचा. दुकानदारानं पहिल्या दिवशी जो काढून ठेवला होता, तोच. पॉलिश पेपरनं डेक घासून झाला, ह्यांनी स्वतः घासला, कारागिराला हात लावू दिला नाही. मग चष्मा लावून डब्यावरच्या सूचना मोठ्यानं वाचल्या, पोथी वाचतात तशा. पातळ हात द्यावा. थोड्या वेळानं जो भाग लाकडात मुरला नसेल तो कोरड्या फडक्यानं पुसून काढावा.

इथे ह्यांचा सूर अडला. "पुसून काढावा?"

"असं लिहिलंय तर पुसा," मी म्हटलं.

"एवढं भारीतलं आणून फडक्याला पाजू? मुरेल की हळूहळू. जितकं जास्त पिईल तितकं चांगलं."

पुसलं तर नाहीच, त्यावर आणखी एक हात दिला. आणि डब्यात उरलं ते वाया कशाला, म्हणून तेही ओतलं. लाकूड बिचारं किती पिणार? वरचं सगळं तसंच राहिलं आणि काकवीसारखं चिकट झालं. आज वाळेल, उद्या वाळेल. कडक उन्हाळा असून वाळेना. माडाची पानं पडली, चिकटली. माशा बसल्या त्या उठल्या नाहीत. शेजारच्या कोंबड्याची पिसं चिकटली, कोंबडा थोडक्यात सुटला. वाळलं का बघायला म्हणून हे स्वतः गेले, तर चप्पल डेकवर आणि पाय हवेत. तसेच एका पायावर उडी मारत माझ्याकडे आले. मी स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून हसले. इतकी हसले की पोटात दुखायला लागलं.

सासूबाईंनी दारातून वाकून विचारलं, "माशा धराया लावलंस काय रं?"

त्या वाकल्या होत्या ना, तेव्हा मला दिसलं. मान सरळ समोर नव्हती. कोंबडा डोळ्याच्या कडेनं दाणा बघतो तशी त्यांनी मान फिरवली होती. आता मधली नजरही गेली होती, कानाच्या बाजूचा कुठला तरी तुकडा उरलेला, त्यातून त्या बघत होत्या. काही दिवसांनी मी त्यांना चहा ओतताना पाहिलं. कपाच्या काठावर बोट ठेवून ओतत होत्या, बोटाला गरम लागलं की थांबायचं. मी ह्यांना सांगितलं. पुन्हा डॉक्टर झाले. त्यांनी थेंब वाढवले आणि पुन्हा तेच सांगितलं, जपा. सासूबाईंना विचारलं, आजी, दिसतं ना? तर म्हणाल्या, "दिसतंय की. तुमी काय बारीक झालाव." डॉक्टर चांगले गोल गरगरीत होते.

मी त्या दिवशी गाडीत म्हणाले, "अहो, तो डेक जसा आहे तसा राहू द्या. चिकट तर चिकट. वर सतरंजी टाका आणि आईंना बसवा."

"सतरंजी चिकटेल."

"चिकटू दे!"

"तसं नाही गं. एकदाचं परफेक्ट होऊ दे. आईसाठीच करतोय ना मी?"

हे आईसाठीच करत होते, हेच तर दुखणं होतं. दुसऱ्या कुणासाठी करत असते तर मी भांडून बंद पाडलं असतं.

थिनर लावून, खरवडून ते चिकट सगळं काढेपर्यंत पावसाळा तोंडावर आला. ओल्या लाकडाला सीलर लागत नाही. म्हणून मग ताडपत्री आली. निळी, जाड, चारी बाजूंनी दोऱ्यांनी ताणून बांधलेली. मी विचारलं, "लाकूड श्वास घेतं म्हणत होता ना? त्याच्या नाकातोंडावर हे काय बांधलंत?" ह्यांनी आणखी एक गाठ मारली. चार महिने सासूबाईंच्या मागच्या दाराबाहेर निळं प्लास्टिक फडफडत होतं. त्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि ऐकायच्या. पाऊस ताडपत्रीवर तडतडतोय तेवढंच.

दसऱ्यानंतर ताडपत्री उघडली, तर खालून कोंदट वास आणि फळ्यांवर काळी बुरशी. कुणीही सांगितलं असतं, ओल आत अडकली की हेच होणार. ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण हरणारा गडी नव्हे. पुन्हा धुतलं, पुन्हा वाळवलं, पुन्हा घासलं. चमच्यानं पाणी टाकून बघणं पुन्हा सुरू झालं. आणि ह्या खेपेला, देवाची कृपा म्हणा, पातळ हात दिला आणि फडक्यानं पुसून काढला.

खरं सांगते, सुरेख दिसला डेक. मधासारखा रंग, लाकडाच्या रेषा न् रेषा दिसत होत्या. मी स्वतः दोन वेळा हात फिरवून पाहिला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग ह्यांनी काय केलं असेल? धुतलेली ताडपत्री आणली आणि पुन्हा बांधली. का? तर थंडीचं दव पडतं. दव पडून सीलर खराब होईल.

मी म्हटलं, "अहो, सीलर पाण्यासाठीच असतो ना?"

"हो, पण उगाच कशाला?"

तेव्हापासून डेक दाखवायचा कार्यक्रम सुरू झाला. पाहुणे आले की हे त्यांना मागे न्यायचे, एका कोपऱ्याची गाठ सोडून ताडपत्री वीतभर उचलायचे, पाहुण्यांनी वाकून आत बघायचं, "वा" म्हणायचं, की पुन्हा गाठ. आमच्यात एके काळी मुलीसुद्धा याहून जास्त वेळ दाखवत असत. लोक फोटो काढायचे. एकानं विचारलं, बसायला कधी वापरता? तर हे म्हणाले, "बसायला असं नाही..." आणि गाठ मारायला वाकले.

आणि ह्याच सुमारास विमानं सुरू झाली.

पहिल्या दिवशी वसाहतीतली झाडून सगळी माणसं गच्च्यांवर होती. आम्हीही होतो. काहीजण टाळ्या वाजवत होते, काही बाया डोळे पुसत होत्या. ज्यांची घरं तिथे होती, त्या नुसत्या बघत राहिल्या. मी खाली आले, तर सासूबाई दारात, निळ्या ताडपत्रीकडे तोंड करून. म्हणाल्या, "गेलं ना गो? आवाज आला." मग रोजचंच झालं. विमान निघालं की त्यांना माझ्याआधी कळायचं. भाजी निवडता निवडता हात थांबायचा. "निघालं." कुठली दिशा, लांब की जवळ, सगळं सांगायच्या. मी समजत होते की कान तयार झालेत म्हणून.

दव संपलं तर धूळ आली. समोरच्या रस्त्याचं काम निघालं होतं. धूळ थोडी बसली तर पुतण्याचं लग्न निघालं. आगऱ्यांची हळद म्हणजे काय असते ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. बँड, मांडव, सगळं गाव. हे म्हणाले, "ताडपत्री राहू दे. लोक हळदीचे हात घेऊन येतील. सागवानात हळद मुरली की ती मग जात नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मांडवातल्या सगळ्या बायांसमोर मी बोलले. "हळद जाते हो! घासली की जाते. आईंची नजर गेली तर कुठल्या पेपरनं घासून आणणार आहात? डेक आईंसाठी केलात की आई डेकसाठी ठेवल्यात?"

बँड मधल्या सुट्टीत होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. ह्यांनी हातातला नारळ खाली ठेवला आणि मागे निघून गेले. संध्याकाळी येऊन मला म्हणाले, "लग्नानंतरचा रविवार. नक्की. फक्त एक शेवटचा हात देतो, त्या मांजरांच्या कोपऱ्याला."

मी कपाळावर हात मारला. पण रविवार ठरला तो ठरला.

त्या रविवारी ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वेताची खुर्ची आणली, तिच्या पायांना रबराचे बूट बसवले, ओरखडे नकोत म्हणून. मी तिकडे दुर्लक्ष केलं. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसून घेतलं, मला त्याच्या गाठी मारायला लावल्या, केसांत फूल माळलं. जणू विमानातूनच कुणीतरी त्यांना बघायला येणार होतं. माझा हात धरला, घट्ट. दार उघडलं.

शेवटचा हात दिल्यावर धूळ नको म्हणून ताडपत्री अजून अंथरलेलीच होती. ह्यांचा बेत असा की आईला उंबऱ्यात उभं करायचं, मग झटक्यात ताडपत्री ओढायची, नवीन दुकानाचा पडदा ओढतात तशी. पण त्या कुठल्या थांबतात! माझा हात धरून तशाच पुढे निघाल्या, ताडपत्रीवरूनच, चार पावलं. हे म्हणाले, "बरं, बरं, बस आधी. मी सोडतो." खुर्ची ताडपत्रीवरच टेकवली. त्या बसल्या. हे पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन पाठमोरे गाठ सोडायला बसले. गाठ कडक बसलेली, सुटेना.

सासूबाईंनी चप्पल काढली. अनवाणी पाऊल त्या निळ्या प्लास्टिकवर पुढेमागे फिरवलं. चेहरा उजळला.

"केवढा गुळगुळीत झालाय रं," त्या म्हणाल्या. "आणि चकाकतंय तर बघा! आरशागत. लई मेहनत घेतलीस पोरा."

समोर धुळीनं माखलेली, कबुतरांनी घाण केलेली निळी ताडपत्री होती. दुसरं काहीही नव्हतं.

ह्यांना वाटलं, आई टोमणा मारतेय. हसत वळले. मग त्यांनी आईकडे पाहिलं. त्या कौतुकानं समोर बघत होत्या, मान जराही तिरकी न करता. आता तिरकी करूनही उपयोग नव्हता, म्हणून सोडून दिलं असणार. किती दिवसांपासून, देव जाणे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ओरडावंसं वाटत होतं. त्या क्षणी मला त्या माणसाचा जितका राग आला, तितकीच त्याची दया आली.

दोरी हातात तशीच धरून हे उभे राहिले. "हो आई," म्हणाले. "चकाकतंय."

तेवढ्यात सुळक्याच्या उजवीकडे विमान हललं. आवाज अजून पोचला नव्हता, म्हणून सासूबाईंना कळलं नव्हतं. ह्यांनी दोरी सोडली आणि धावत येऊन खुर्चीपाशी बसले, बुटांसकट, शर्टासकट, त्या घाणेरड्या ताडपत्रीवर. आईचा हात हातात घेतला आणि बोट त्या दिशेला धरलं. माझ्याशी, मित्रांशी बोलतात ती भाषा कुठल्या कुठे गेली. "आई, निघालं बघ. पांढरं हाय. पळतंय, जोरात पळतंय, आता नाक उचललं, चाकं सुटली, उडालं, आपल्या घरावरून चाललंय, वर गेलं, माडाच्या वर गेलं..."

आवाज आता आमच्यावर आला होता. सासूबाईंनी दुसऱ्या हातानं ह्यांचं तोंड चाचपून धरलं.

"इतकं भराभर नको सांगू रं," त्या म्हणाल्या. "मला बघू दे."

ह्यांनी मान खाली घातली. मग पुढचं विमान कधी निघेल त्याची वाट बघत आम्ही तिघंही तिथेच बसलो.